फुकटची सीडी आणि देवाची पत्रिका

"टाकायचं म्हंजे टाकायचं. ठरलं आता."

"कुनाचं ठरलं?"

"आमचं. सगळ्यांचं."

"सगळ्यांचं म्हंजे कुनाकुनाचं, नावं तरी कळू द्या. खाली 'प्रेषक' म्हनून छापायला बरी पडतील."

"कावेरे, तोंड आवर. दुकानात गिऱ्हाईक बसलंय."

"ते गिऱ्हाईक न्हाई, बंकट भावजी हायत. रोजच्या चहाला आलेत. त्यांना गिऱ्हाईक म्हनू नका, खऱ्या गिऱ्हाइकांना राग येईल."

समोरच्या एसटीडी बूथचा मालक बंकट बशीतला चहा फुंकत होता. त्यानं फुंकर अर्ध्यात थांबवली, हा आपला अपमान होता का याचा अंदाज घेतला, आणि चहा गार होईल म्हणून विचार सोडून दिला.

राजेश्वरनं आवाज खाली आणला. "आपल्या मशीनवरची विंडोज चोरीची हाय. औरंगाबादेत धाडी पडायल्यात म्हनं. उद्या हितं आले आन् मशीन उचलून नेली तर?"

"मग विकत आना."

"फुकट मिळायलंय तर विकत कावून? लिनक्स फुकट हाय. रीतसर फुकट. कुनाच्या बापाची भीती न्हाई."

"त्याच्यात लग्नाच्या पत्रिका निघतील?"

"निघतील की. सिद्धाराम इंजिनिअर हाय."

"निघतील असं सिद्धाराम भावजी म्हनले, का ते इंजिनिअर हायत म्हनून निघतील?"

राजेश्वरला यातला फरक समजला नाही. तो म्हणाला, "उद्या चतुर्थी हाय. आप्पा नारळ फोडनार. केसरबाईची पत्रिका राहिलीय ना? तिचीच बोहनी करू लिनक्सवर."

"ती देवाला न्यायची पत्रिका हाय."

"मग तर लई चांगलं."

कावेरीनं कीबोर्डवर कापड टाकलं आणि आत निघून गेली. बंकट म्हणाला, "बे राजा, वहिनी घाबरली." राजेश्वरलाही तसंच वाटलं. दोघं निवांत झाले.

बीडच्या धोंडीपुऱ्यात शेटे कार्ड सेंटर कुठं आहे असं कुणालाही विचारा, लोक म्हणतील, "ते कावेरीचं का?" दुकानावरच्या पाटीवर मात्र सोमलिंग शेटे आणि त्याखाली राजेश्वर शेटे. लाइट बिल सोमलिंगआप्पांच्या नावावर, फोन आप्पांच्या नावावर. कॉम्प्युटर आणला तेव्हा बिलावर नाव कुणाचं घालायचं असं दुकानदारानं विचारलं, तर आप्पांना त्या प्रश्नाचंच नवल वाटलं होतं.

कावेरी नेकनूरची. मराठी टायपिंगची तीसची आणि चाळीसची परीक्षा पास होऊन या घरात आली. बायोडाटात ते लिहिलेलं होतं, पण पाहायला आलेल्या मंडळींनी विचारलं होतं ते पुरणाच्या पोळीबद्दल. लग्नानंतर दोन वर्षांनी कॉम्प्युटर आला. राजेश्वर त्याच्यासमोर आठ दिवस बसला, पत्त्यांचा खेळ शिकला आणि उठला. मग कावेरी बसली, ती अजून बसलेलीच आहे.

तिचं काम पाहायला लोक थांबत. पडद्याकडे बघत नसे, कागदाकडेही फारसं नाही. गिऱ्हाईक समोर उभं राहून नावं सांगतंय, आणि हिची दहा बोटं त्याच्या तोंडाच्या एक शब्द मागं. कुठल्या घराची पत्रिका 'श्री खंडोबा प्रसन्न'नं सुरू होते, कुठल्या घराची 'श्री मन्मथस्वामी प्रसन्न'नं, कुठल्या पुढाऱ्याचं नाव कुणाच्या खाली गेलं तर मंडपात खुर्च्या उडतील, कुणाच्या आजोबांच्या नावाआधी गेल्या महिन्यापासून 'कै.' लागतं, हे सगळं तिच्या बोटांत होतं. राजेश्वर पैसे घ्यायचा आणि म्हणायचा, "मशीनच करतंय हो सगळं. आपन काय नुसतं बटन दाबतो." 'आपन'!

दुकानात एकच वस्तू रीतसर विकत घेतलेली होती. मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर. त्याच्याबरोबर आगपेटीएवढं एक लॉक यायचं, ते कॉम्प्युटरच्या मागं, प्रिंटरच्या वायरीच्या जागी खोचायचं आणि वायर त्याच्या पाठीला लावायची. ते असलं तरच मराठी उमटायचं, नाहीतर पडदा नुसता पांढरा. कावेरीनं दोन महिने अबोला धरून ते घ्यायला लावलं होतं. घरातल्या पुरुषांना ते काय आहे हे आजवर ठाऊक नव्हतं. आप्पा त्याला 'ते मागचं बूच' म्हणत.

बसस्टँडजवळ झेरॉक्स चालवणाऱ्या उमाबाईला मात्र पक्कं ठाऊक होतं. नवऱ्यामागं एकटीनं दुकान उभं केलेली बाई. तिनंही कॉम्प्युटर घेतला होता, पण चालवायला माणूस नव्हतं. तिनं कावेरीला दोनदा निरोप धाडला होता, "तुझं ते लॉक घेऊन ये. पाटीवर तुझं नाव टाकते." दोन्ही वेळा कावेरीनं 'बघते' म्हणून सांगितलं. सासरचं दुकान सोडून दुसरीकडं बसणं म्हणजे गावभर बोभाटा. आणि खरं सांगायचं तर तिला आतून वाटत होतं की एक दिवस या घरातलं कुणीतरी तिला विचारेल. एकदाच. कामाबद्दल. तेवढं झालं तरी ती इथंच राहणार होती.

अशा घरात सिद्धाराम लिनक्स घेऊन आला.

सिद्धाराम हा राजेश्वरचा चुलतभाऊ. पुण्याला इंजिनिअरिंगला गेला तेव्हा 'आमी' म्हणायचा, परत आला तो 'ॲक्च्युली' म्हणत. नोकरी लागायची होती. ती लागेपर्यंत तो लोकांच्या अज्ञानावर दिवस काढत होता. एका मासिकाबरोबर त्याला ती सीडी मिळाली होती. आधी त्यानं आपला स्वतःचा कॉम्प्युटर चादरीत बांधून रिक्षातून दुकानात आणला आणि सगळ्यांना समोर बसवून खेळ लावला.

पडद्यावर पोट सुटलेला एक काळा-पांढरा पक्षी आला.

"ह्यो कोन?" आप्पांनी विचारलं.

"पेंग्विन, आप्पा. लिनक्सचं चिन्ह आहे."

"चिन्ह? उभा हाय का कुठून?"

सिद्धारामनं डोळे मिटून सहन केलं. मग त्यानं पडद्यावर मोठ्या लाल इंग्रजी अक्षरांत WELCOME SHETE असं लिहिलं. आप्पांना इंग्रजी येत नव्हतं, पण आपलं आडनाव आहे असं सांगितल्यावर ते गहिवरले. बंकटनं तर टाळीच वाजवली. तो एसटीडीच्या मीटरवर आकडा पडला तरी टाळी वाजवणारा माणूस.

"भावजी," मागून कावेरीनं विचारलं, "ह्यात मराठी कसं टाकायचं?"

सिद्धाराम मागे वळला. हसला. ते हसू कावेरी विसरली नाही. "वहिनी, आधी ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय ते समजून घ्या. मराठी-बिराठी होतं ओ सगळं."

"कसं होतं?"

"होतं म्हणजे होतं. जगात कुणाचं अडत नाही, आपलंच बरं अडेल!"

"जगात पत्रिका छापत न्हाईत," कावेरी म्हणाली. पण तोवर आप्पांनी पेंग्विन काय खातो हे विचारलं होतं, आणि मंडळी त्या महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळली होती.

चादरीतला तो कॉम्प्युटर दोन दिवस दुकानात होता. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, पुरुष जेवून आडवे झाले तेव्हा, कावेरी त्याच्यासमोर बसली.

तिला विंडोजबद्दल माया नव्हती. विंडोज दिवसातून तीनदा मरायची, निळी पडायची आणि उठवून बसवावी लागायची. सुरुवातीला ती नाव विचारायची, पण एस्केपचं बटण दाबलं की बिनानावाचं कुणालाही आत घ्यायची. भिंतीवर रंगवलेलं कुलूप नुसतं. लिनक्सनंही नाव विचारलं. कावेरीनं एस्केप दाबलं. ढिम्म. पुन्हा दाबलं. तो आपला नाव मागत उभा. तिला पहिल्यांदाच त्या पक्ष्याबद्दल बरं वाटलं. सिद्धारामनं पासवर्ड टाकला तेव्हा त्याची दोन बोटं कुठं पडली ते तिनं पाहिलेलं होतं. दोन बोटांनी टाइप करणारा माणूस तिच्यासमोर ओरडून सांगितल्यासारखाच. तिनं तो टाकला आणि आत गेली.

आतलं तिला आवडलं. मशीन अडकली नाही. एक कप्पा बंद पडला तर बाकीचे चालूच राहिले. मग तिनं अक्षरांची यादी उघडली आणि वरपासून खालपर्यंत वाचली. सगळी इंग्रजी. लिहायचा कागद उघडून सवयीनं दहा बोटांनी 'श्री मन्मथस्वामी प्रसन्न' टाइप केलं, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा उकिरडा झाला. शेवटी तिनं आपल्या मशीनचं लॉक काढून त्याच्या मागं खोचून पाहिलं. पेंग्विननं ओळखदेखील दाखवली नाही.

वीस मिनिटांत तिचा निकाल झाला. घर चांगलं आहे, कडी पक्की आहे, पण आपली चूल इथं पेटत नाही. आज तरी नाही. विंडोज शेजारी ठेवून हे शिकावं, बघावं, पुढं कधी मराठी आलं तर यावं. इतकं सरळ होतं. कुणी विचारलं असतं तर तिनं एका दमात सांगितलं असतं.

कुणी विचारलं नाही. तिनं एकदा आपणहून तोंड उघडलं होतं आणि त्याबद्दल तिला ते हसू मिळालं होतं. दुसऱ्यांदा स्वतःहून सांगायला ती काही रस्त्यावर पडली नव्हती.

तिसऱ्या दिवशी बैठक बसली. आप्पा, राजेश्वर, सिद्धाराम आणि बंकट. कावेरी तिथून पाच हातांवर एका मुंजीची पत्रिका टाइप करत होती. बटणांचा आवाज एवढा की बंकटला दोनदा "काय म्हनलात?" असं विचारावं लागलं.

"हे कोनत्या देशाचं हाय?" आप्पांनी विचारलं.

"फिनलंडच्या एका पोरानं सुरू केलं."

"फुकट देतो म्हंजी त्याला काय कमी हाय का डोक्यात?"

"आप्पा, ही विचारसरणी आहे. ज्ञान सगळ्यांचं."

"वाऽ!" बंकट म्हणाला. "आपलं बी हेच म्हननं हाय."

"पोलिसांचं काय?" राजेश्वर.

"दाखवायची सीडी. घ्या म्हणायचं, तुम्हालाही एक घ्या."

हे वाक्य राजेश्वरला इतकं आवडलं की त्यानं ते दोनदा म्हणून पाहिलं. एकदा इन्स्पेक्टर समोर आहे असं समजून, छाती काढून. मग मुहूर्त निघाला. चतुर्थी. दोन्ही ठेवता येतील का, असं आप्पांनी अर्धवट विचारलं, तर सिद्धाराम म्हणाला, डिस्क लहान आहे, जुनं पुसून नवं टाकू, एका म्यानात दोन तलवारी कशाला. एक तास बैठक चालली. विंडोज चोरीची, पेंग्विन परदेशी, नारळ कुठून आणायचा, सगळं झालं. यात मराठी उमटतं का, हे चौघांतल्या एकालाही सुचलं नाही. पाच हातांवर मराठीचा पाऊस पडत होता आणि चौघंही कोरडे ठणठणीत बसले होते.

त्याच संध्याकाळी टाकायचं की नाही यावरून नवराबायकोचं ते भांडण झालं. कापड टाकून कावेरी आत गेली ती घाबरून नव्हे. तिला शंकरपाळ्यांचा रिकामा डबा हवा होता. दिवेलागणीच्या आत तिनं तीन वर्षांच्या सगळ्या पत्रिका फ्लॉप्यांवर उतरवल्या. एकतीस फ्लॉप्या आणि सॉफ्टवेअरची सीडी डब्यात बरोबर बसली. वर तिनं ते मागचं बूच ठेवलं आणि झाकण लावलं. राजेश्वर शेजारीच पत्रिकांचे गठ्ठे बांधत होता. "काय करायलीस?" म्हणून त्यानं विचारलं. "आवरायले," ती म्हणाली. त्याला ते पटलं. बायका आवरतच असतात.

चतुर्थीला सकाळी आप्पांनी अंघोळ करून कॉम्प्युटरच्या डब्यावर भस्माचे तीन पट्टे ओढले. उंबऱ्यावर नारळ फोडला. त्याच्या करवंट्या तिथंच पडल्या. सिद्धारामनं सीडी घातली. थोड्या वेळानं पडद्यावर प्रश्न आला, जुनं सगळं पुसून टाकू का?

"दादा, मालकाच्या हातानं होऊ द्या," सिद्धाराम म्हणाला.

राजेश्वरनं फीत कापायच्या थाटात बटण दाबलं. बंकटनं टाळी वाजवली. कावेरी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून वाती वळत होती. शंकरपाळ्यांचा डबा मांडीवर.

अकरा वाजता केसरबाई आल्या. चकलांब्याच्या सुंदररावांची बायको. पहाटेच्या एसटीनं निघालेल्या, हातात पिशवी, पिशवीत नारळ, हळदीकुंकवाचा करंडा, दूर्वा. मुलगी रोहिणीचं लग्न विजयसिंह नावाच्या मुलाशी ठरलेलं. त्यांच्याकडची रीत अशी की पहिली पत्रिका लिंबागणेशच्या गणपतीपुढं ठेवायची, ती ठेवल्याशिवाय दुसरी कुणाच्या हातात द्यायची नाही. चतुर्थी आज, लिंबागणेशची गाडी दोनला.

"झाली का गं पोरी, देवाची पत्रिका?"

कावेरीनं मानेनं पुरुषांकडे दाखवलं.

"बसा बसा केसरकाकू!" राजेश्वर पुढं झाला. "तुमच्या पत्रिकेनं उद्घाटन हाय आज. बीड जिल्ह्यात पहिली! सिद्धाराम, काढ रे."

सिद्धाराम दोन बोटांनी टाइप करू लागला. पाऊण तास. मध्ये प्रिंटरनं दोन कागदांवर नुसत्या रेघोट्या ओढल्या, तिसऱ्यावर अक्षरं आली. आप्पांनी कागदाला कुंकू लावून केसरबाईंच्या हातात ठेवला.

केसरबाई चौथी शिकलेल्या. कागद जवळ धरला, लांब धरला, उलटा केला.

"हे काय हाय?"

"पत्रिका."

"कुनाची?"

"तुमचीच की. रोहिणीची."

"माजी रोहिणी कुठंय ह्यात?"

"ही काय, इथं," सिद्धारामनं बोट ठेवलं. "आर, ओ, एच..."

"आरं पन हे इंग्रजी हाय!"

"आता सगळं इंग्रजीतच चालतं, काकू."

"गनपतीला येतं का इंग्रजी?"

इथं आप्पा मध्ये पडले. "माय, देवाला सगळ्या भाषा येत्यात."

"देवाला येत असतील आप्पा, मी कुटं न्हाई म्हनले? पुजाऱ्याला न्हाई येत. तो मोठ्यानं वाचून दाखवतो देवापुढं, पाच गावची मानसं ऐकायला उभी असत्यात. तो काय वाचंल? आर, ओ? का त्यो घंटा वाजवत बसंल नुसता?" केसरबाईंनी कागद टेबलावर टाकला. "मराठी कुठंय ह्यात?"

चार दिवसांत हा प्रश्न पुन्हा एकदा विचारला गेला, तोही चौथी शिकलेल्या बाईकडून, एसटीच्या धक्क्यांनी कंबर धरलेली असताना.

"त्याचं ॲक्च्युली काम चालू आहे," सिद्धाराम म्हणाला. "पुण्यात काही लोक करतायत."

"मग मी पुन्याला जाऊ? आन् दोनच्या गाडीत कोन बसंल, तुझा ह्यो बदक?"

"सिद्धाराम," राजेश्वर खालच्या आवाजात म्हणाला, "तात्पुरतं जुनं लाव बे."

"जुनं गेलं, दादा. पुसलं."

"कुनी पुसलं?"

"बटण तुम्हीच दाबलं ना."

"सगळ्या पत्रिका? लग्नसराईच्या?"

सिद्धारामनं सीडीचं कव्हर उलटून वाचायला घेतलं. बंकटला अचानक समोरच्या बूथमध्ये फोन वाजल्यासारखा वाटला. तो उठून गेला. चहा अर्धा सोडून. त्याच्या आयुष्यात असं पहिल्यांदा झालं असेल.

मग एकेक मान कोपऱ्याकडे वळली. राजेश्वरची, सिद्धारामची, शेवटी आप्पांची. कावेरी वाती वळतच होती. आप्पांनी घसा साफ केला. पाच वर्षांत सुनेशी ते 'पाणी दे' आणि 'ताट घे' यापलीकडं बोलले नव्हते, त्यामुळं सूर सापडायला वेळ लागला.

"सूनबाई. तुजं काय मत हाय? हे ठेवावं का काढावं?"

कावेरीनं हातातली वात पूर्ण वळली. इतरांशेजारी ठेवली. उठली, डबा काखेत घेतला. पाच वर्षं ज्याची वाट पाहिली तो प्रश्न शेवटी आला होता, आणि तो आला तेव्हा विचारणाऱ्याच्या कपाळावर घाम होता. घाम आला नसता तर प्रश्न आलाच नसता. तिनं तिघांकडे पाहिलं, एकदा, पत्रिकेतल्या चुका बघताना बघायची तसं, वरपासून खालपर्यंत.

"चला काकू," ती केसरबाईंना म्हणाली. "बसस्टँडपाशी उमाबाईचं दुकान हाय. गाडी सुटायच्या आत मिळंल."

"कावेरे!" राजेश्वर ओरडला. "आप्पा काय विचारायलेत?"

तिनं चपला घातल्या. उंबऱ्यावरच्या करवंट्या पायानं बाजूला सारल्या. डबा दुसऱ्या काखेत घेतला, केसरबाईंची पिशवी हातात घेतली आणि धोंडीपुऱ्याच्या उन्हात उतरली.